दुसरी जागा बघा

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



कविता वाचायला बोलावलं असतं तर बरं झालं असतं. कवितेत ओळ चुकली तर कोणाचं बिऱ्हाड रस्त्यावर येत नाही. आजचा विषय तसा नाही. खाजगी घरमालकाला जागा परत पाहिजे, तेव्हा भाडेकरूने काय करायचं, हा विषय आहे. मी वकील नाही. दहावी पास आहे. जुनी माणसं अजून मॅट्रिक म्हणतात, तेवढंच बरं वाटतं. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत पोलादाच्या कॉइल उतरवतो. पण गेल्या तीन वर्षांत गोदीत माझे जेवढे खाडे पडले, ते सगळे धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाच्या जिन्यावर पडलेत. तिथं जे कळलं ते सांगतो. पुस्तकातलं कमी, जिन्यावरचं जास्त.

आधी खोली सांगतो. दहा बाय बारा. माझा आजा सातारा जिल्ह्यातनं आला, गोदीत गोण्या उचलायला लागला, आणि १९६४ साली त्याला ही खोली मिळाली. शेठने दिली ती काही माया आली म्हणून नाही. मागं उघडं गटार, पुढं भंगाराचं गोदाम, संडास जिन्याखाली. दुसरं कोणी घेईना म्हणून महाराला दिली. वर पागडी घेतली, ती आजीच्या डोरल्यातनं गेली. पागडीची पावती अर्थातच नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात पागडी घेणं हा गुन्हा होता. गुन्ह्याची पावती कोण देतो? भाड्याच्या पावत्या मात्र आहेत. आज्याच्या नावाच्या, पत्र्याच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आजी म्हणायची, "आरं, ही पावती म्हंजी आपला सातबारा हाय. गावात ढेकूळ न्हाई आपलं, हितं ह्यो कागुद हाय."

आता त्या गटारावर स्लॅब पडला. भंगाराचं गोदाम गेलं, तिथं टॉवर उभा राहिला. वरच्या मजल्यावरनं समुद्र दिसतो म्हणे. आम्हाला त्याचे संडासाचे पाइप दिसतात. म्हातारा शेठ मेला, आता नातू मालक आहे. आणि या नातवाला अचानक आमची खोली आवडायला लागली.

२०२२ च्या दिवाळीनंतर वकिलाची नोटीस आली. इंग्रजीत, चार पानं. तिचा अर्थ एवढाच की मालकाच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, त्याला राहायला जागा नाही, सबब खोली खाली करा. धाकटा भाऊ आज जिथं राहतो तिथल्या लिफ्टमध्ये आमचं अर्धं घर मावेल. मेहताजी वर येऊन आईला म्हणाला, "ताई, कशाला कोर्टकचेरी करता? दुसरी जागा बघा ना."

दुसरी जागा बघा. हे तीन शब्द लक्षात ठेवा, मी परत त्यांच्याकडं येणार आहे.

नोटीस आल्यावर चाळीत काय होतं ते तुम्ही पाहिलंय. नळावर कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतं कोर्टाचा हुकूम आला. कोणी म्हणतं पोलीस येणार. आमच्या मजल्यावर दोघांनी मेहताजीकडनं पैसे घेतले आणि सह्या करून मोकळे झाले. एक बदलापूरला गेला, एक गावाला. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. एकाची किडनी गेलेली, डायलिसिसला पैसे पाहिजे होते. पण सही करताना दोघांनाही वाटत होतं की नाहीतरी जागा जाणारच आहे, मिळतंय ते घ्या. हे वाटणं खोटं होतं. त्या खोट्याच्या जोरावर शेठने खोल्या स्वस्तात घेतल्या.

नोटीस म्हणजे हुकूम नाही. वकिलाने पैसे घेऊन लिहिलेलं ते पत्र असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातलं कलम १५ साध्या भाषेत असं म्हणतं की भाडेकरू भाडं देतोय, किंवा द्यायला तयार आहे, आणि भाड्याच्या अटी पाळतोय, तोवर मालकाला जागा परत मागण्याचा हक्क नाही. भाडं थकलं असलं तरी आधी लेखी मागणी करावी लागते, त्यानंतर नव्वद दिवस थांबावं लागतं, मगच दावा. आणि दावा लावल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, वर पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढं भाडं भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून घराबाहेर काढता येत नाही. किती जणांना हे माहीत होतं? हात वर करा. चार. या खोलीत पन्नास माणसं बसलीत.

आता मालक लोक एक जुना डाव खेळतात तो सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा एक दिवस मेहताजीने भाडं घ्यायचंच बंद केलं. आज या, उद्या या, शेठ बाहेरगावी आहे. आई म्हणाली, बरं झालं, पैसे वाचले. आजी भडकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण डाव कळला. न घेतलेलं भाडं तीन वर्षांनी 'थकलेलं' म्हणून कोर्टात येतं. तिने आईला पोस्टात पाठवलं. दर महिन्याला मनीऑर्डर. दर महिन्याला ती परत यायची, वर शेरा, 'घेण्यास नकार'. त्या नकाराच्या चिठ्ठ्या आजीने पावत्यांच्याच पिशवीत ठेवल्या. तीन वर्षांपूर्वी आमच्या वकीलबाईंनी ती पिशवी उघडली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "या बाई कुठायत?" बाई २०१६ लाच गेल्या होत्या. थकबाकीचा मुद्दा तिथंच निकालात निघाला. तेव्हा भाडं हातात देऊ नका. पोस्टाने द्या, चेकने द्या, बँकेतनं द्या, कागद मागं राहील असं द्या. आणि हातात दिलंच तर पावती मागा. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तो उपकार करत नाही.

वकीलबाई सरकारच्या विधी सेवा प्राधिकरणाकडनं मिळाल्या. फी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे न बघता. वस्तीत लोक सावकाराकडनं कर्ज काढून वकील करतात आणि हे कोणी सांगत नाही. आपले पुढारीसुद्धा नाही. त्यांना बहुतेक माहीतच नसावं.

भाडं नियमित असलं तरी मालक जागा मागू शकतो, पण त्याला कलम १६ मधलं कारण दाखवावं लागतं. कारणं बरीच आहेत. मी सगळी वाचत बसत नाही, आपली माणसं ज्या दोन-तीन खड्ड्यांत पडतात तेवढे दाखवतो. एक, जागा सहा महिने सलग बंद. बाप आजारी म्हणून गावी गेलो, शेती लावायला गेलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चालत गेलो आणि दाराला कुलूप राहिलं. मालक मेहताजीला रोज कुलपाचे फोटो काढायला लावतो. कायद्यात 'वाजवी कारणाशिवाय' असा शब्द आहे, म्हणजे आजारपण, महामारी हे सांगता येतं, पण सांगायला कागद लागतो. घरात कोणीतरी ठेवा, विजेचं बिल चालू ठेवा. दोन, पोटभाडेकरू. मित्राला खोली दिली, तो महिन्याला काही हातावर ठेवतो, मालकाला हे सोन्याहून पिवळं. तीन, लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम. इथं मात्र घाबरवणं जास्त चालतं. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवा यायला खिडकी, हे लागेल तिथं पालिकेची परवानगी घेऊन केलं तर पक्क्या बांधकामात धरायचं नाही असं कायद्यातच लिहिलंय. आमच्या ओट्यावरनं मेहताजीने आईला दोन वर्षं धमकावलं. ओटा! ज्यावर ती भाकरी थापते तो.

आता शेठचंही ऐकून घेऊ. ऐकलं पाहिजे, कारण कोर्ट ऐकतं. तो म्हणतो, महिन्याला शे-सव्वाशे रुपये भाडं, त्यात जिन्याची एक पायरी दुरुस्त होत नाही. हे खोटं नाही. मुंबईत १९४७ चा भाडे कायदा आला तेव्हा १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं त्यावर प्रमाणभाडं गोठवलं गेलं, आणि पुढं पन्नास वर्षं ते गोठलेलंच राहिलं. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की असं कायमचं गोठवणं वाजवी राहिलेलं नाही. त्यातनं १९९९ चा कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळते, आणि पागडी घेणंही कायदेशीर झालं. म्हणजे आजीचं डोरलं गेलं तेव्हा गुन्हा होता, आता धंदा आहे. पण चार टक्क्यांवर शेठचं भागत नाही, कारण त्याला भाडं नकोच आहे. त्याला जमीन पाहिजे. जिन्याची पायरी दुरुस्त न करणं हा त्याच्या हिशेबाचा भाग आहे. चाळ जितकी लवकर कुजेल तितकी जमीन लवकर सुटेल.

म्हणून दुसरा रस्ता, पालिकेचा. इमारत धोकादायक ठरवायची. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली नोटीस येते. इंजिनिअर 'सी-१' म्हणाला की इमारत ताबडतोब रिकामी करून पाडायची. मालक आपला इंजिनिअर आणतो, त्याचा अहवाल सी-१. भाडेकरू आपला आणू शकतात. दोन अहवाल जुळले नाहीत तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडं जाता येतं, मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये याची पद्धत घालून दिली. पण मित्रांनो, इथं मी छाती बडवून 'मरू पण खोली सोडणार नाही' असं म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली, तेहतीस माणसं मेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारत पडली. डोंगरी आमच्यापासनं चालत जायच्या अंतरावर आहे. कधी कधी शेठचा इंजिनिअर खरं बोलतो. लाकूड खरंच कुजलेलं असतं.

अशा वेळी बाहेर पडा, पण कागद घेऊन पडा. कोण किती चौरस फुटात राहतो याची पालिकेकडं नोंद करून घ्या, सहीशिक्क्याची प्रत घ्या. कारण इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. हे मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं. २०१४ चा शाह रतनसी खिमजी खटला, आपल्या सांगली-मिरजेकडचा. पालिकेने इमारत पाडली, मालक म्हणाला इमारत नाही तर भाडेकरू कुठला? कोर्टाने सांगितलं, भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालची जमीन जाग्यावर आहे, भाडेकरूही आहे. हा निकाल मला पाठ आहे. कवितेपेक्षा जास्त वेळा म्हटलाय.

आणि गुंड आणून सामान बाहेर फेकलं तर? कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग तो मालक असो नाहीतर मंत्री. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. मालकी कोणाची हे तिथं विचारतच नाहीत, फक्त जबरदस्तीने काढलं का एवढंच बघतात. पाणी तोडलं, वीज तोडली, तर भाडे कायद्याचं कलम २९ आहे. आमचं पाणी अकरा दिवस बंद होतं. बाया हंडे घेऊन थेट शेठच्या ऑफिसच्या काचेच्या दारात बसल्या. बाराव्या दिवशी कलम २९ आणि नळ, दोन्ही एकदम चालू झाले.

तुमच्यातले बरेच जण अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, लिव्ह अँड लायसन्सवर. तुम्ही भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. मी आत्ता जे सांगितलं त्यातलं फार थोडं तुम्हाला लागू पडतं. मुदत संपली की निघायचं, नाही निघालात तर दुप्पट दराने भरपाई. पण एक कलम तुमच्यासाठी ठेवलंय, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी. तो नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे सांगतो ते खरं धरायचं, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. तोंडी बोलीवर खोली देणारा मालक स्वतःला फार हुशार समजतो. त्याला समजू द्या.

आता आमच्या दाव्याकडं येतो. कलम १६ मधला 'ग', मालकाची स्वतःची खरी आणि वाजवी गरज. हे कारण सगळ्यांत सभ्य आणि सगळ्यांत धोक्याचं. गरज मालकाने साक्षीपुराव्याने दाखवावी लागते, पण आपली गरज मालकालाच जास्त कळते असंही कोर्टं पुन्हा पुन्हा म्हणत आलीत. धाकट्या भावाची साक्ष झाली. आमच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ही खोली पाहिली आहे का?" तो म्हणाला, "आमच्या मेहताजींनी पाहिली आहे." कोर्टात हशा झाला. मला वाटलं जिंकलो. बाई जिन्यावर म्हणाल्या, "हसू नकोस, खरी लढाई पुढं आहे."

कारण गरज सिद्ध झाली तरी कोर्टाला अजून एक प्रश्न विचारावा लागतो. कलम १६ चं दुसरं पोटकलम. जागा खाली करायला लावली तर भाडेकरूचे हाल जास्त, की नाही लावली तर मालकाचे हाल जास्त? आणि हे तोलताना दोघांपैकी कोणाला दुसरी वाजवी जागा मिळण्यासारखी आहे हे बघायचं. भाडेकरूचे हाल जास्त असतील तर हुकूम द्यायचा नाही. अर्धी जागा देऊन भागत असेल तर अर्धीच द्यायची. दहा बाय बारातली अर्धी! हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं कसला बंगला होता कोण जाणे.

आई पिंजऱ्यात उभी राहिली. शेठच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, "नोटीस आल्यानंतर तुम्ही दुसरी जागा बघितली का?"

आई खरं बोलली. "न्हाई."

"का नाही?"

"आमचं घर असताना दुसरं कशाला बघू?"

बाईंनी डोळे मिटले. मला तेव्हा कळलं नाही. आईचं उत्तर जगातलं सगळ्यांत बरोबर उत्तर आहे, पण कायद्याच्या तराजूत ते आमच्या विरुद्ध पडतं. ज्याने शोधलंच नाही, त्याला मिळणार नव्हतं असं कोर्ट कसं धरणार?

तेच तीन शब्द. मेहताजी जिन्यावर बोलला तेच वकील कोर्टात इंग्रजीत बोलला. दुसऱ्या कोणाला हे तीन शब्द सांगितले तर त्यांचा अर्थ पैसे किती आणि स्टेशनपासनं लांब किती एवढाच असतो. आपल्याला सांगितले की त्यांचा अर्थ बदलतो. १९१७ साली परदेशात शिकून आलेला एक माणूस बडोदा संस्थानात नोकरीला गेला. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला, दिवसाला दीड रुपया भाडं भरून. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन दारात. संध्याकाळपर्यंत खाली कर. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिश्चन. एक म्हणाला तू घरी आलास तर माझे नोकर जातील, दुसरा म्हणाला बायकोला विचारायला पाहिजे. तो माणूस बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत आला. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. रोजचं भाडं भरत होते. त्यांनाही कोणीतरी मनात म्हणालंच असेल, दुसरी जागा बघा.

आईनंतर माझी साक्ष होती. मधे सहा आठवडे होते. बाई म्हणाल्या, "जागा शोध. खरोखर शोध. आणि प्रत्येक ठिकाणी काय झालं ते लिहून ठेव." मी कवितेची वही उलटी केली आणि मागच्या पानापासनं सुरुवात केली. तारीख, वेळ, ठिकाण, डिपॉझिट, शब्द जसेच्या तसे.

सकाळची पाळी सातला असते, म्हणून आधी जवळ बघितलं. माझगाव, शिवडी, लालबाग, परळ. मग कुर्ला, चेंबूर. मग ठाण्याच्या पलीकडं. फोनवर सगळं ठीक. भाडं परवडत नव्हतं तिथं तसं लिहिलं, उगाच जात घातली नाही. पण जिथं पैसे जुळले तिथं पुढचे प्रश्न आले. नाव काय? पूर्ण नाव? गाव कुठलं? नॉनव्हेज? घरात फोटो कोणाचे लावता? एकाने सरळ विचारलं, समाज कुठला. एक एजंट भला माणूस होता, चहा पाजून म्हणाला, "भाऊ, तुमची फॅमिली चांगली आहे, पण मालकीणबाई पूजापाठवाल्या आहेत. आडनाव वेगळं सांगाल का?" एका ठिकाणी आपलाच एक माणूस होता, मोठ्या हुद्द्यावरचा, फ्लॅट भाड्याने देणार होता. त्याने आडनाव ऐकलं, ओळख पटली, आणि म्हणाला, "सोसायटीत आपण आहोत हे मी अजून सांगितलेलं नाही, समजून घे." हेही लिहिलं. हे लिहिताना हात सगळ्यांत जास्त थरथरला. एकूण तेवीस ठिकाणं. नऊ पैशामुळं गेली, चौदा नावामुळं.

साक्षीच्या दिवशी बाईंनी वही पुढं केली. शेठचा वकील उठला. म्हणाला, भाड्याच्या दाव्यात जातीचं राजकारण आणताहेत. बाई शांतपणे म्हणाल्या, "कायदा विचारतो, यांना दुसरी जागा मिळण्यासारखी आहे का. मिळत नाही, आणि का मिळत नाही, ते हे सांगताहेत." मग त्यांनी नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ चं कलम ४ वाचलं. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायची जागा घेण्यापासून किंवा तिथं राहण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. कमीत कमी एक महिना कैद. दंड शंभर ते पाचशे रुपये. ते रुपये ऐकून माझ्या शेजारी बसलेली आई हळूच म्हणाली, "आपल्या भाड्याइतकाच हाय की."

न्यायाधीशांनी वही हातात घेतली. पुढनं उघडली तर कविता निघाली. त्यांनी एक वाचली, चेहऱ्यावर काही दिसलं नाही, मग उलटी केली. मागची पानं सावकाश वाचली आणि वही कोर्टाच्या कागदांत दाखल करून घेतली. उलटतपासणीत मला तासभर सोलला. एकेका नकाराला साक्षीदार कोण, आवाज रेकॉर्ड केला का, हे सगळं घरी बसून लिहिलं नाही कशावरून? काही प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या एजंटला मी साक्षीला चला म्हणालो होतो. त्याने फोन उचलणं बंद केलं.

निकाल अजून नाही. आपण हरूही शकतो. हरलो तर तीस दिवसांत त्याच कोर्टाच्या अपील पीठाकडं जाता येतं. आणि मालकाने 'भावाला पाहिजे' म्हणून खोली घेतली आणि महिन्याभरात भाऊ राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुन्या भाडेकरूला ताबा परत मागता येतो, कलम १७. तेव्हा हरल्यावरही त्या दारावर नजर ठेवायची. मेहताजीने आमच्यावर ठेवली तशी.

एक गोष्ट राहिली, ती लवकर सांगतो. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं, आठ-अ. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर सरकारने इमारत घेऊन त्यांना द्यायची, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. मालकांची संघटना कोर्टात गेली. १९९२ पासनं सुप्रीम कोर्टात. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांनी बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या कलम ३९(ब) मधली समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही, कुठली होते ते प्रत्येक बाबतीत बघावं लागेल. त्या प्रकरणाचं काय करायचं याचा निकाल त्या पीठाने दिला नाही, फक्त या प्रश्नाचं उत्तर दिलं. निकाल आला त्या दिवशी चाळीत कोणाला पत्ता नव्हता. मेहताजीने मात्र पेढे वाटले. आम्हालाही दिला एक. आईने तो घेतला आणि कावळ्याला टाकला.

पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे, अंतिम युक्तिवाद. ज्यांना यायचं त्यांनी अकरापर्यंत जिन्यापाशी यावं. घोषणा नकोत, कोर्ट आहे. नुसते बाकावर बसा, शेठच्या माणसांना मोजू द्या.

पहिली वही कोर्टात अडकली, त्यात माझ्या सतरा कविताही अडकल्या. म्हणून ही दुसरी आणलीय, कोरी. इथं कपाटात ठेवतो. ज्याला जागा नाकारली त्याने त्याच दिवशी येऊन लिहायचं. तारीख, वेळ, ठिकाण, भाडं किती सांगितलं, नाव विचारल्यावर काय म्हणाले, सोबत कोण होतं. सोबत कोणीतरी न्या, माझ्यासारखं एकटे जाऊ नका. पेन दोरीने बांधलाय, घरी नेऊ नका.

जयभीम.